काजळीवरचे डोंगर

प्रिय खारूताई,

गेले पाच दिवस तू फोनवर भिंगरीची चौकशी केलीस आणि मी दर वेळी "मजेत आहे" म्हणाले. मजेत नव्हती. पाच दिवस तिला शी झाली नव्हती. आता लगेच फोन उचलू नकोस. आज सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी झाली, भरपूर झाली, आणि त्यानंतर बाईसाहेबांनी दोन अंडी आणि एक केळं खाल्लं. वेळ मी कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे. बत्तीस वर्षं प्रयोगशाळेत प्रत्येक कागदावर तारीख आणि वेळ टाकली, ती सवय आता जायची नाही. पण पोट का थांबलं होतं आणि कसं सुटलं, हे फोनवर सांगण्यासारखं नाही. फोनवर तू मधेच "बरं, ठेवते" म्हणतेस. पत्राला तसं म्हणता येत नाही. आणि शेवटचं पान आधी वाचायची तुझी खोड आजच्या दिवस आवर. क्रमाने वाच.

तू मला काय सांगितलं होतंस ते आधी लिहिते, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर कळेल. आतड्याला पीळ पडला, वीतभर तुकडा कापावा लागला, आणि आतला जोड भरून येईपर्यंत डॉक्टरांनी लहान आतड्याचं तोंड पोटावर बाहेर काढून त्यावर पिशवी लावली. काही महिन्यांनी ते परत आत जाणार. भिंगरीला सात आठवड्यांपूर्वी माझ्याकडे पाठवलंस, कारण ती तुझ्या पोटावर उड्या मारते, टाके उसवतील. पटलं मला. तू तिला पोहायला शिकवलंस ते स्वतः पाठीवर तरंगत आणि तिला पोटावर निजवून; त्या मुलीला आईचं पोट म्हणजे आपली हक्काची गादी वाटणारच. पण टाके निघूनही महिना झाला. गेल्या शुक्रवारी तू म्हणालीस, "अजून दोन महिने ठेव, ते आत जाईपर्यंत. तिने हे बघायला नको, आई." या वेळी टाक्यांचं नावसुद्धा काढलं नाहीस. मी फोन स्पीकरवर ठेवून बटाटे सोलत होते. भिंगरी टेबलाखाली बसली होती, हे मला फोन ठेवल्यावर दिसलं.

तेव्हापासून तिचं पोट बंद झालं. पहिल्या दिवशी माझं लक्षच गेलं नाही. दुसऱ्या दिवशी पपई दिली, तिसऱ्या दिवशी कोमट दूध, चौथ्या दिवशी कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पोट चाचपलं, गोड औषध लिहून दिलं आणि म्हणाल्या, "धरून ठेवतेय ती. घरात काही झालंय का?" मी म्हटलं, काही नाही. भिंगरी दारामागे पायांची अढी घालून उभी राहायची, कपाळावर घाम, ओठ घट्ट मिटलेले, आणि विचारलं की "मला आलीच नाही" म्हणून साफ नाकबूल करायची. पोट टणक झालं होतं. माझा जीव टांगणीला लागला होता आणि तुला मात्र मी मजेत, मजेत सांगत होते. रोज संध्याकाळी तू व्हिडिओ कॉल करतेस आणि फोन हनुवटीच्या खाली येऊ देत नाहीस. परवा तू फोन ठेवल्यावर तिने मला विचारलं, "आजी, आईचं बाकीचं कुठे आहे?" मी हसले. हसायला नको होतं.

काल दुपारी तिला चित्रं काढायला कागद हवा होता म्हणून तिने माझी पत्र्याची पेटी उपसली, आणि तळातून तो काळा कागद काढला. तुला आठवत असेल, लहानपणी तूही एकदा काढला होतास आणि मी हातातून घेऊन परत ठेवला होता. लांबलचक चकचकीत कागद, त्यावर काळीकुट्ट काजळी, आणि काजळीत कोरलेली पांढरी बारीक रेघ, खाली-वर, खाली-वर. भिंगरीने तो जमिनीवर पसरला, पोटावर पडून बराच वेळ बघितला आणि विचारलं, "एवढे डोंगर कोणी काढले?" मी म्हटलं, एका पोटाने. ती माझ्याकडे असं बघत राहिली की या बाईचं डोकं ठिकाणावर आहे ना.

तुला मी माझ्या कामाबद्दल कधी नीट सांगितलंच नाही. "आई कॉलेजात लॅबमध्ये आहे" यावर आपलं भागत आलं. विद्यार्थी मला काजळबाई म्हणायचे, कारण माझं दिवसातलं पहिलं काम काजळी धरणं. पितळी ड्रमावर कागद ताणून गुंडाळायचा आणि धूर ओकणाऱ्या ज्योतीवर तो सावकाश फिरवायचा, कुठे जाड नाही, कुठे पातळ नाही. घाई केली की कागद करपतो, आळस केला की राखाडी राहतो. मग सशाच्या आतड्याचा बोटाच्या दोन पेरांएवढा तुकडा. ससा त्याआधीच गेलेला असायचा. त्याचं मला रोज सकाळी वाईट वाटायचं आणि बत्तीस वर्षांत ते वाटणं कमी झालं नाही. तो तुकडा कोमट खारट पाण्याच्या नळीत टांगायचा, खालून हवेचे बुडबुडे सोडायचे, वरच्या टोकाला दोरा, दोऱ्याला काडी, काडीचं टोक काजळीवर टेकवायचं. आणि मग हात मागे घेऊन उभं राहायचं.

मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा बावीस वर्षांची होते. आमच्या प्राध्यापकांना सगळे थांबासर म्हणायचे, कारण विद्यार्थी काहीही करायला धावला की ते म्हणायचे, "थांबा. बघा." त्या दिवशी मीही थांबले आणि बघितलं. काडी हलली. खाली गेली, वर आली, पुन्हा खाली. ड्रम फिरत होता आणि काजळीत एकामागून एक डोंगर उठत होते, सगळे एकसारखे, कोणी पट्टी लावून आखल्यासारखे. खारूताई, तिथे मेंदू नव्हता. हृदय नव्हतं. ससाच नव्हता. त्या तुकड्यात ढकलायला घासभर अन्नसुद्धा नव्हतं, आणि तरी तो आवळत होता, सैल पडत होता, पुन्हा आवळत होता, जणू काही झालंच नाही. माझ्या हातातला चिमटा खाली पडला. सरांनी हे शेकडो वेळा बघितलं असेल, पण काडी पहिल्यांदा हलली की ते दर वर्षी चष्मा काढून पुसायचे. ते म्हणायचे, आतड्याच्या भिंतीत स्वतःच्या मज्जातंतूंचं एक अख्खं जाळं आहे, पाठीच्या कण्यात असतात जवळजवळ तितक्याच पेशींचं. ते रोजच्या कामासाठी मेंदूला विचारत बसत नाही. पोट आणि मेंदू यांच्यात जी मोठी नस आहे, तिच्यातून हुकूम खाली जातात थोडे आणि बातम्या वर येतात जास्त. आपण उगाच समजतो की घर आपण चालवतो.

हे सगळं मी भिंगरीला तिच्या भाषेत सांगितलं. तिचा पहिला प्रश्न असा की ते एकट्याने घाबरत नव्हतं का. पाच वर्षांच्या पोरीने बरोबर तिथे बोट ठेवलं, कारण त्या कागदावर पुढे नेमकं तेच आहे. डोंगरांची रांग चालता चालता एका जागी मोडते आणि रेघ आडवी होते. सपाट. चांगली चार बोटं सपाट. त्या जागी खाली एक बाण आहे आणि माझ्या अक्षरात लिहिलेलं, "थेंब." त्या नळीत आम्ही अॅड्रेनलिनचा एक थेंब टाकायचो. ते अंगात एरवीही असतं. भीती वाटली, दचकलो, पळायची वेळ आली की रक्तात उतरतं. ज्याच्यामागे वाघ लागलाय त्याने जेवण पचवत बसू नये, एवढी साधी व्यवस्था. तो थेंब पडला की तुकडा तिथल्या तिथे गप्प. पोरं घाबरायची, "मेलं, सर!" म्हणून ओरडायची, कोणीतरी काडीला बोट लावायला जायचं. सर म्हणायचे, "थांबा. मेलं नाही. घाबरलंय." मग नळीतलं पाणी सोडून द्यायचं, ताजं कोमट पाणी भरायचं, पुन्हा एकदा धुवायचं. आणि वाट बघायची. डिवचून काही होत नाही. आधी एक बारकी टेकडी, मग जरा मोठी, आणि मग पुन्हा ते सगळे डोंगर, पहिल्याइतकेच उंच. भिंगरीने त्या सपाट जागेवर बोट ठेवलं आणि तिथून हलवलंच नाही.

मग तिने माझ्या पोटाला कान लावला. माझी जेवायची वेळ टळून गेली होती, त्यामुळे आतून असा काही गडगडाट झाला की ती उडालीच. मी तिला सांगितलं, तो झाडू आहे. पोट रिकामं असलं की दर दीडेक तासाने वरपासून खालपर्यंत एक लाट निघते आणि उरलासुरला कचरा झाडून नेते. आपण काही खाल्लं की झाडूवाला मुकाट्याने निघून जातो. तिला हे फार आवडलं. आणखी सांग, आणखी सांग. मग मी सांगितलं की भाजलेल्या पावाचा नुसता वास आला तरी जठर आतून ओलं होऊ लागतं, घास तोंडात जायच्या आधीच. खाल्लेलं सगळं ते एकदम पुढे लोटत नाही, थोडं थोडं सोडतं, कारण पुढचं आतडं त्याच्यावर नजर ठेवून असतं. फार आंबट आलं, फार तेलकट आलं, की ते रक्तातूनच निरोप धाडतं, जरा दम धर. दुसरा निरोप पित्ताच्या पिशवीला, तुझी गरज आहे, ये. सगळ्या नसा तोडल्या तरी हे निरोप पोचतात, कारण ते रक्ताच्या वाटेने जातात. आणि हे सगळं तू दप्तर भरतेस, भांडतेस, झोपतेस तेव्हा चाललेलं असतं, मी म्हटलं. ती सगळं तोंडावर हात ठेवून ऐकत होती. मलाही सांगता सांगता पुन्हा पहिल्या दिवसासारखं वाटायला लागलं. वय झालं तरी या एका गोष्टीत मी अजून बावीस वर्षांची आहे.

आणि मग मी तुला न विचारता एक गोष्ट केली. रागावायचं तर आत्ताच रागावून घे. मी तिला तुझ्या पिशवीबद्दल सांगितलं. म्हटलं, आईच्या पोटात आतड्याला जखम झाली होती, ती भरेपर्यंत आतड्याने एक छोटंसं तोंड बाहेर काढलंय. लाल आहे, ओलं आहे, कळीएवढं आहे, आपलं आपण हलतं, आणि हात लावला तरी दुखत नाही. त्यावर एक पिशवी असते आणि शी तिच्यात येते. भिंगरीने चार प्रश्न विचारले. पहिला, त्या तोंडाला दात आहेत का. दुसरा, ते पण डोंगर काढतं का. तिसरा, पिशवीवर चित्रं असतात का, नसली तर मी काढून देईन. मी तिन्हींची उत्तरं दिली. मग ती कागदाचं टोक दुमडत राहिली, आणि एकदम लहान आवाजात म्हणाली, "मी उडी मारली म्हणून झालं ना ते?"

खारूताई, सात आठवडे हा प्रश्न त्या पोरीच्या अंगात होता. तिला वाटत होतं की तिने आईचं पोट मोडलं, म्हणून आईने तिला लांब पाठवलं, आणि आता आई हनुवटीपर्यंतच उरली आहे. शुक्रवारी तिने टेबलाखालून ऐकलं की अजून दोन महिने. शिक्षा वाढली. त्यानंतर तिने काहीच बाहेर येऊ दिलं नाही, ना मनातला शब्द, ना दुसरं काही. मी तिला मांडीवर घेतलं आणि पुन्हा पुन्हा सांगितलं, नाही, पीळ आपोआप पडतो, उडीने पडत नाही, तू काही केलेलं नाहीस. एकदा सांगून भागलं नाही. सहा-सात वेळा तरी सांगितलं. नळी एकदा धुवून चालत नाही, हे मला माहीत होतंच. पाचव्या की सहाव्या वेळी ती हुंदके देऊन रडली, मग अंग सैल सोडून माझ्यावर पडून राहिली. आज सकाळी उठली, दूध प्यायली, कपात दोन घोट राहिले असतील, आणि म्हणाली, "आजी, पळ!" पोटात वरून काही पडलं की खालचं आतडं जागं होतं, हा नियम पुस्तकात आहे, पण मला तो इतका सुंदर कधी वाटला नव्हता. मी तिच्यासमोर स्टुलावर बसले होते आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ती म्हणाली, "रडतेस काय, फार वास येतोय का?"

आता तुझ्याबद्दल. जावईबापू रविवारी आले होते तेव्हा मान खाली घालून म्हणाले, "ती माझ्यासमोरही दार लावून घेते." मी त्यांना चहा दिला. तुला वाटणारी किळस मला कळते. पहिले काही आठवडे सगळं पाण्यासारखं येतं, पिशवी बाजूने सुटते, चादरी बदलाव्या लागतात, आपल्याच अंगाचा राग येतो. पण एव्हाना दाट व्हायला लागलं असेल. पाणी शोषून घ्यायचं काम मोठ्या आतड्याचं. ते वाटेतून वगळलं गेलं की लहान आतडं ते काम थोडंथोडं उचलतं, त्याने ते एवढं कधी केलेलं नसतं तरी. त्याला कोणी शिकवत नाही. तुझ्या आत हे आत्ता चाललं आहे, तू दार लावून बसलेली असताना. एकदा, फक्त एकदा, पिशवी बदलताना मान वळवू नकोस. थांब. बघ. ते आवळेल आणि सैल होईल. मिनिटाला साधारण आठ वेळा. मी मोजलेलं आहे.

कुणाचं मोजलं, ते सांगायला मला पस्तीस वर्षं लागली. तू पाच वर्षांची होतीस, भिंगरीएवढीच. मी तुला मावशीकडे पोचवलं आणि म्हटलं, आईला कॉलेजने ट्रेनिंगला पाठवलंय, लांबच्या शहरात. अकरा महिने तू तिथे राहिलीस. परत आलीस ती घास गालात धरून ठेवायला लागलीस. गिळायची नाहीस. तासतासभर दोन्ही गाल फुगवून बसायचीस. सगळे हसायचे, खार म्हणायचे, मीही हसले, आणि तुझं नाव खारूताई पडलं. आपल्या घरातलं सर्वांत लाडकं नाव असं पडलेलं आहे. पुढे सतरा वर्षांची असताना तू एकदाच म्हणालीस, "तू मला तिकडे टाकलं होतंस." मी म्हटलं, ट्रेनिंग होतं. तू त्यानंतर पुन्हा विषय काढला नाहीस आणि मला सुटल्यासारखं वाटलं. आज लाज वाटते ती त्याचीच.

ट्रेनिंग नव्हतं. मला मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड, झाला होता, आतड्याला भोक पडलं आणि मला रातोरात दवाखान्यात न्यावं लागलं. माझ्या पोटावरची खूण अपेंडिक्सची नाही. पेटीत तुला एकदा पट्टा लावलेली रबरी पिशवी सापडली होती आणि मी "लॅबची आहे" म्हणाले होते. ती लॅबची नव्हती. पहिल्या दिवशी पट्टी काढताना नर्स म्हणाली, "तिकडे बघू नका." मी बघितलं, आणि ते हललं. ज्याच्यासाठी मी इतकी वर्षं काजळी धरत आले, तेच माझ्या स्वतःच्या पोटावर, लालबुंद, जिवंत, मला न विचारता आपलं काम करत होतं. मी नर्सचं घड्याळ मागून मोजायला लागले. तिला वाटलं तापाने बाईचं डोकं फिरलं. खरं सांगते, त्या मिनिटात मला जराही लाज वाटली नाही. नुसतं आश्चर्य वाटलं, हात जोडावेत असं. लाज नंतर आली, माणसं भेटायला यायला लागल्यावर. आणि जी बाई वर्गाच्या वर्गांना आतडं दाखवत होती, तिला ते एका पाच वर्षांच्या मुलीला दाखवायचं धैर्य झालं नाही. सहाव्या महिन्यात तर मी कामावर परत गेले होते, खारूताई. घरी होते. तू मावशीकडे आणि मी आपल्या घरी, दाराला कडी लावून. तो काळा कागद त्याच दिवसांतला आहे, मी पिशवी बांधून धरलेला पहिला कागद. खाली माझ्या अक्षरात तारीख आहे. ती तू वाचू नयेस म्हणून मी तो तुझ्या हातातून काढून घेतला होता.

तुझ्या बुटांच्या खोक्यात माझी बावीस पत्रं आहेत, त्या लांबच्या शहरातून आलेली. तुझे बाबा बस घेऊन तिकडे जायचे आणि तिथल्या पेटीत टाकायचे. परत आले की त्या दिवशी जेवायचे नाहीत. त्या पत्रांतला होस्टेलचा लाल जिना खोटा आहे, खिडकीतली मांजर खोटी आहे, तिला झालेली दोन पिल्लंही खोटी. तू मोठ्या मोठ्या अक्षरांत लिहून विचारलं होतंस की पिल्लांना त्यांची आई सोडून जात नाही ना. मी त्याला उत्तरसुद्धा दिलं, की नाही, मुळीच नाही. हे तेविसावं पत्र आहे आणि मी पहिल्यांदा खरं लिहिते आहे, कारण आज सकाळी स्टुलावर बसून मला कळलं की भिंगरीसारखा तुझाही एक प्रश्न असणार, आणि तो मी तुला कधी विचारू दिला नाही. अकरा महिने तू स्वतःला कशाबद्दल दोष देत होतीस, बाळा? काय केलंस म्हणून आईने पाठवलं, असं वाटत होतं तुला? काहीही असो, ते तू केलेलं नव्हतंस. हे मी तुला सहा-सात वेळा सांगेन, हवं तर साठ वेळा. रविवारी सकाळी नऊच्या बसने मी भिंगरीला घेऊन येते आहे. दोन महिने नाही, रविवारनंतर दोन दिवसही नाही. तिने पिशवीवर लावायला मांजराचं चित्र काढलंय, दोन पिल्लांसकट, आणि ते ती स्वतः चिकटवणार आहे. दार तू उघड.

तुझ्यापासून पुन्हा काही न लपवणारी,
तुझीच
आई